शिडाची होडी तळापासून वर कशी बघायची

होडी दाखवणारा माणूस तुम्हाला आधी आत नेतो. गुबगुबीत गाद्या, पॉलिश मारलेलं टेबल, फ्रिज, गरम पाण्याचा नळ. मग कॉकपिटात, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, बसवून चहा देतो आणि पाण्याखाली जे काही आहे त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. क्रूझिंगची होडी, म्हणजे जिच्यावर मुक्काम करत दिवसचे दिवस लांब जायचं ती, बघताना नेमका उलटा क्रम धरावा. तळ आधी, मग अंगाचा आकार, मग डोलकाठी आणि शिडं, आणि केबिन सगळ्यात शेवटी. होडी विकत घ्यायची असो, कुणाच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं असो, की गेटवेसमोर नांगरलेल्या होड्या नुसत्या बघत उभं राहायचं असो, क्रम हाच.

आधी ठरवा, जाणार कुठे

चांगली होडी असं काही नसतं. कुठल्या पाण्यासाठी चांगली, एवढंच विचारता येतं. आपल्याच किनाऱ्याचं घ्या. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत कोकणात वाऱ्याचं गणित बरंचसं ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा. मुंबईहून गोव्याला जाताना हा दुपारचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे कुठलीही होडी झकास चालते आणि मालक खूश असतो. परत येताना तोच वारा थेट तोंडावर. वाऱ्याविरुद्ध नागमोडी टॅक घेत, म्हणजे वारा आळीपाळीने एकेका बाजूवर घेत, वर चढणं जिला जमत नाही, ती होडी परतीचा निम्मा प्रवास इंजिनावरच करते.

शिवाय खाड्या. अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत आणि ते दरवर्षी जागा बदलतात. दोन मीटर खोल बसणारी होडी भरतीची वाट बघत बाहेर डुलत राहते, सव्वा मीटरवाली आत जाऊन नांगर टाकते. कान्होजी आंग्र्यांची गलबतं उथळ बुडाची आणि वल्ह्यांवरही चालणारी होती, ती याच किनाऱ्यासाठी. मोठी युरोपीय जहाजं बाहेर खोल पाण्यात अडकून पडायची आणि ही खाडीत गडप व्हायची.

उलट, हिंदी महासागर ओलांडायचा असेल तर उथळ बूड ही सोय राहत नाही. तिथे वजन आणि खोली लागते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: किती दूर, कोणत्या महिन्यात, किती माणसं, कुठे नांगरणार. पुढचं प्रत्येक उत्तर यावर ताडून बघायचं आहे.

मग होडीखाली वाका

होडी पाण्याबाहेर काढलेली असेल तेव्हाच जा. पाण्यात तरंगती होडी बघून मत बनवणं व्यर्थ आहे.

पहिली नजर कीलवर. कील म्हणजे तळाची ती खाली गेलेली जड पाती. दोन कामं करते: शिडांवर वारा आला की होडीला आडवी सरकू देत नाही, आणि आपल्या वजनाने तिला सरळ उभी ठेवते.

जुन्या पद्धतीची लांब कील नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून सुरू होऊन हळूहळू खोल जाते आणि मागे थेट सुकाणूला भिडते. मध्ये फट नाही. अशी होडी एकदा दिशा धरली की धरून ठेवते, जाळ्याची दोरी तिच्या तळाखालून सुळकन निसटते आणि ती वाळूत रुतली तरी सहसा काही मोडत नाही. किंमत अशी की ती सावकाश वळते, आणि इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं की देवाच्या भरवशावर जाते. धक्क्याला लावताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

दुसरं टोक म्हणजे फिन कील आणि स्पेड सुकाणू. मधोमध एक खोल, अरुंद पाती आणि मागे कशाचाच आधार नसलेलं, एका दांड्यावर लटकणारं सुकाणू. वाऱ्याविरुद्ध ही होडी सरस चढते, जागच्या जागी फिरते, चालवायला मजा येते. पण तो सुकाणूचा दांडा वाकला की खेळ संपला. कोकण किनाऱ्यावर रात्री जाळ्यांच्या बोयांमधून जाताना कील आणि सुकाणू यांच्यामधली ती मोकळी जागा फार जाणवते.

या दोन्हींच्या मध्ये एक तोडगा आहे: फिन कील, पण सुकाणूपुढे स्केग नावाचा पक्का आधार. 1970 च्या दशकातल्या कितीतरी ब्रिटिश होड्या अशा आहेत. काँटेसा 32 त्यांतली सर्वांत गाजलेली, तिच्याकडे पुढे येतोच. जोड कील, म्हणजे दोन बुटक्या पाती, असेल तर ओहोटीला होडी चिखलात सरळ उभी राहते. उचलता येणारी कील फ्रेंच ॲल्युमिनियमच्या होड्यांवर दिसते आणि उथळ पाण्यात ती वरदान आहे, फक्त तिची यंत्रणा कुणी, कधी सांभाळली ते विचारा.

आता हाताने तपासायचं. कील आणि होडीचं अंग जिथे मिळतात त्या सांध्यावरून बोट फिरवा. पुढच्या कोपऱ्यात हसऱ्या ओठासारखी बारीक भेग दिसली तर थांबा; कीलचे बोल्ट ढिले असू शकतात किंवा होडी कधीतरी खडकावर आपटलेली असू शकते. 2014 मध्ये चीकी रफीकी नावाच्या होडीची कील अटलांटिकमध्ये गळून पडली आणि चौघं गेले. ही भेग लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून झाकणं सोपं असतं. म्हणून तळाला ताजा रंग दिसला की तो कधी आणि कशासाठी मारला, हा प्रश्न विचारायचाच. मग सुकाणू दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. किंचित खडखड चालेल, बोटभर हालचाल चालणार नाही.

लांबी कोणती मोजायची

जाहिरातीत असते ती पूर्ण लांबी. वेगाशी संबंध असतो तो पाण्याला टेकलेल्या लांबीचा, म्हणजे वॉटरलाइनचा. नेहमीची क्रूझिंग होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. वॉटरलाइन फुटांत घेऊन तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा, तेवढे नॉट (तासाला सागरी मैल) हा साधारण तिचा वरचा वेग. वॉटरलाइन 24 फूट असेल तर साडेसहा नॉट, 49 फूट असेल तर नऊच्या वर.

या एका आकड्यात बराच इतिहास दडलेला आहे. सुहेली ही 32 फुटांची सागवानी होडी मुंबईत, इथल्या सुतारांनी बांधली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यावरून 14 जून 1968 ला इंग्लंडमधल्या फालमथहून एकटा निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून, परत आला. 312 दिवस. असं करणारा तो पहिला माणूस. म्हादेई ही 56 फुटांची होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. दिलीप दोंदे तिच्यावरून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. पुढे अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले आणि न थांबता 31 मार्च 2013 ला परतले, म्हणजे पाच महिने. वाट वेगळी, काळ वेगळा, उपकरणं वेगळी, हे सगळं मान्य. तरी लांब वॉटरलाइनचा त्यातला वाटा मोठा आहे.

मग सगळ्यांनी छप्पन फुटीच का घेऊ नये? कारण लांबीबरोबर शिडाचं क्षेत्रफळ वाढतं, दोरांवरचा ताण वाढतो, रंगापासून नांगरापर्यंत प्रत्येक वस्तूचा खर्च वाढतो. दोघांना हौसेने फिरायचं असेल तर 32 ते 38 फूट पुष्कळ झाले. याहून मोठी हवी असं वाटलं तर आधी भर वाऱ्यात तिचं मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मोठं शीड, एकट्याने उतरवून बघा.

चार आकडे काढा

डिझाइनच्या कागदावर होडीचं वजन, रुंदी, वॉटरलाइन आणि कीलमधलं शिसं किंवा लोखंड किती ते मिळतं. काँटेसा 32 घेऊन हिशोब करू: वजन 9,500 पौंड, त्यातलं कीलचं 4,500, रुंदी साडेनऊ फूट, वॉटरलाइन 24 फूट.

कीलचं वजन एकूण वजनाच्या 47 टक्के. तिशीच्या वर काहीही चालतं, चाळिशीपुढे उत्तम.

उलटण्याचा आकडा: वजनाला 64 ने भागा (148.4), त्याचं घनमूळ काढा (5.29), आणि रुंदीला त्याने भागा. 9.5 भागिले 5.29, उत्तर 1.8. हा आकडा दोनच्या खाली हवा. आता समजा, तेवढ्याच वजनाची होडी आतल्या प्रशस्तपणासाठी साडेबारा फूट रुंद केली. उत्तर 2.36 येतं. रुंद होडी सुरुवातीला कमी कलते आणि म्हणून पाहुण्यांना सुरक्षित वाटते, पण मोठ्या लाटेने एकदा पालथी घातली की ती पालथी राहण्यातही तेवढीच स्थिर असते.

तिसरा आकडा वजन आणि लांबी यांच्या नात्याचा. वजन टनांत (2,240 पौंडांचा टन), भागिले वॉटरलाइनच्या शंभराव्या भागाचा घन. काँटेसाचा 307 येतो. दोनशेच्या आत हलकी, तीनशेच्या पुढे भारी. भारी होडी लाटांवर आपटत नाही, सामान भरलं तरी तिला फारसा फरक पडत नाही, आणि मंद वाऱ्यात मात्र ती जीव खाते.

चौथा आकडा हिशोबाने येत नाही, डिझायनरकडूनच घ्यावा लागतो: किती अंशांपर्यंत कलली तरी आपोआप सरळ होईल. भर समुद्रासाठी 120 च्या वर हवा. काँटेसाचा दीडशेच्या वर आहे.

हे आकडे का मोजायचे ते 1979 च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या शिडांच्या होड्यांच्या शर्यतीने शिकवलं. 303 होड्या निघाल्या, वाटेत वादळ आलं, शर्यतीतले पंधरा जण दगावले. सर्वांत छोट्या गटातल्या 58 होड्यांपैकी फक्त एक शर्यत पुरी करून आली. ती होती असेंट, काँटेसा 32. उलटण्याचं सूत्र त्या शर्यतीनंतरच्या अभ्यासातून आलं.

तरी आकडे म्हणजे विमा नव्हे. 2018 च्या गोल्डन ग्लोब, म्हणजे एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या, शर्यतीत अभिलाष टॉमी सुहेलीच्याच बांधणीची नवी प्रतिकृती, थुरिया, घेऊन गेले होते. लांब कीलची, वजनदार, दोन्हीकडे निमुळती. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. पुढच्याच, 2022 च्या शर्यतीत ते रस्लर 36 या होडीवर परत गेले आणि दुसरे आले. तीही लांब कीलचीच.

डोलकाठ्या मोजा, शिडांकडे बघा

एक डोलकाठी, पुढे एक शीड, मागे एक: स्लूप. बहुतेक आधुनिक होड्या अशाच. दोर कमी, वाऱ्याविरुद्ध कामगिरी उत्तम. म्हादेई आणि तारिणी दोन्ही स्लूप. 2017-18 मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणीवरून प्रदक्षिणा पूर्ण केली.

पुढे दोन शिडं असतील तर कटर. वारा वाढला की पुढचं मोठं गुंडाळायचं, आतलं छोटं ठेवायचं. दोघांच्या लांब प्रवासाला मी डोळे मिटून कटर सुचवीन.

मागे आणखी एक बुटकी डोलकाठी असेल तर केच. सुहेली केच. तिचं स्वयंचलित सुकाणूयंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास निकामी झालं. पुढचा सगळा प्रवास नॉक्स-जॉन्स्टनने शिडांचा तोल साधून होडीला आपोआप दिशा धरायला लावत केला. मागचं छोटं शीड थोडं सैल, थोडं घट्ट करून हे जमवता येतं, केचचा खरा फायदा तो. स्कूनरमध्ये मागची डोलकाठी पुढचीइतकी किंवा तिच्याहून उंच असते. दिसायला राजेशाही, दोर भरपूर.

चिनी जंक शीड आपल्याकडे क्वचित दिसतं. आडव्या बांबूंवर ताणलेलं ते शीड एक दोर सोडला की पंख्यासारखं घडीत बसतं. ब्लाँडी हॅस्लर या ब्रिटिश दर्यावर्दीने 1960 च्या पहिल्या एकट्याच्या अटलांटिक शर्यतीत जेस्टर नावाची छोटी होडी याच शिडावर नेली.

आपल्या मचव्यांचं आणि आखाती 'धाऊ' जहाजांचं तिरक्या परबाणावरचं, म्हणजे शीड बांधायच्या लांब वाशावरचं, तिकोनी शीड मला सर्वांत देखणं वाटतं. आडव्या वाऱ्यात ते अप्रतिम ओढतं. पण टॅक घ्यायचा म्हणजे अख्खं परबाण डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचं, आणि त्याला माणसं लागतात. म्हणून ती जहाजं मोसमी वाऱ्यांच्या तालावर चालली: एका मोसमात जायचं, दुसऱ्यात यायचं.

चौकोनी शिडांची जहाजं जवळून बघायची तर नौदलाची तरंगिणी. 1997 मध्ये सेवेत आली, गोवा शिपयार्डने बांधली, आराखडा कॉलिन मूडी यांचा. तिच्या तीन डोलकाठ्यांपैकी पुढच्या दोन चौकोनी शिडांच्या आणि शेवटची उभ्या शिडांची, म्हणजे ती बार्क. 2012 ची सुदर्शिनी तिची बहीण. वारा पाठीशी असला की चौकोनी शिडांना तोड नाही. वाऱ्याविरुद्ध ती फारशी चढत नाहीत, आणि वर चढून काम करायला डझनावारी हात लागतात. प्रशिक्षणाच्या जहाजाला नेमकं तेच हवं असतं.

दुरून बघा

आता छोट्या होडीतून पन्नास-साठ मीटर लांब जा आणि बाजूने पाहा. काठाची रेषा नाळेपाशी उंच, मध्याच्या थोडी मागे सर्वांत खाली, आणि शेवटी पुन्हा किंचित वर, अशी असेल तर डोळा आपोआप तिच्यावरून घसरत जातो. ही रेषा नुसती शोभेची नाही: उंच नाळ लाट फोडते, खालचा मध्यभाग वाऱ्याला कमी अंग देतो. सरळ काठाच्या होडीत आत उंची जास्त मिळते, म्हणून आजकाल काठ सरळ झाले. मागचा भागही हल्ली बराच रुंद असतो, तिथे पायऱ्या, टेबल, दोन सुकाणूचाकं मावतात. ती होडी कलली की मधलं सुकाणू पाण्याबाहेर यायला लागतं, म्हणून सुकाणूही दोन बसवावी लागतात. वेगवान असतात, हे कबूल. मला त्या आवडत नाहीत.

निमुळत्या मागच्या टोकाची परंपरा नॉर्वेच्या कॉलिन आर्चरची. त्याने वाटाड्यांसाठी आणि समुद्रातल्या बचावकार्यासाठी होड्या काढल्या, ज्यांना हिवाळ्यातल्या उत्तर समुद्रात बाहेर राहावंच लागे. सुहेलीचा आराखडा अमेरिकन विल्यम ॲटकिनचा, पण मूळ कल्पना तीच. मागून येणारी लाट दुभंगते, होडीला फेकत नाही.

हातोडी घेऊन डेकवर

प्लास्टिकची छोटी हातोडी घ्या आणि डेकवर हातभर अंतराने टकटक करत चला. घट्ट फायबरग्लास टणटणीत बोलतो. आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे आतल्या लाकडी थरात पाणी मुरलंय. खडूने खूण करा. अशा खुणा डोलकाठीच्या तळाशी, विंचच्या (दोर ताणायच्या चरखीच्या) भोवती आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या साइडच्या तारा जिथे डेकला बांधल्यात तिथे हमखास सापडतात, कारण तिथे भोकं पाडलेली असतात.

लाकडात सागाला तोड नाही. मुंबईत वाडियांनी बांधलेली त्रिंकोमाली 1817 सालची, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. पण लाकडी होडीला रोजचा हात लागतो. पोलाद दणकट, गंजतं मात्र आतून. केबिनच्या जमिनीच्या फळ्या उचलून खालच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. फायबरग्लासवर सागवानी पट्ट्यांचं डेक असेल तर आपल्या उन्हात ते तव्यासारखं तापतं, आणि त्याच्या शेकडो स्क्रूंपैकी प्रत्येक जण पाण्याला वाट असतो. स्टीलच्या तारा किती वर्षांच्या आहेत ते विचारा. दहाच्या वर असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

आता आत जा

शयनखोली किती मोठी ते बघू नका. नाळेतल्या त्या रुंद बिछान्यावर समुद्रात कुणी झोपू शकत नाही, माणूस छताला लागतो. मधल्या भागात अरुंद, कापडी आडोसा बांधता येईल असे दोन तरी बाक हवेत. पायऱ्या उतरल्यापासून पुढच्या टोकापर्यंत एकदाही हात न सोडता जाता येतं का, ते चालून बघा. स्वयंपाकाची शेगडी झुलती हवी, आणि तिच्यासमोर कमरेला पट्टा अडकवून उभं राहायची जागा.

आपल्याकडे मात्र सगळ्यात मोठा प्रश्न हवेचा. थंड देशांतल्या होड्या ऊब धरून ठेवायला बांधलेल्या असतात. एप्रिलात रत्नागिरीला नांगर टाकला की त्याच होड्यांची भट्टी होते. वर उघडणाऱ्या खिडक्या किमान तीन, आणि पाणी अडवून हवा आत सोडणाऱ्या डोरेड झडपा. ही युक्ती अमेरिकन डिझायनर ऑलिन स्टीफन्सच्या डोरेड या होडीवर निघाली, तिच्याच नावाने ओळखली जाते. कॉकपिटावर कापडी मांडव बांधायची सोय नसेल तर ती आधी करून घ्या.

कॅटमरानचं एका परिच्छेदात: दोन अंगं, उथळ, कलत नाही, आत घरासारखी जागा. गोव्यात नांगरून राहायला उत्कृष्ट. सामान जास्त भरलं की वेग मरतो, आणि उलटली तर सरळ होत नाही.

चालवून बघा

दुपारी, वारा बारा-पंधरा नॉट असताना न्या. सकाळच्या सपाट पाण्यात प्रत्येक होडी गुणी असते. शिडं लावून सुकाणू दोन बोटांत धरा. होडी हलकेच वाऱ्याकडे वळू पाहत असेल तर छान. दोन्ही हातांनी ओढून धरावं लागत असेल तर शीड आखडून, म्हणजे रीफ घेऊन, पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर आराखड्यात किंवा शिडांत दोष आहे.

मग हीव-टू करून बघा. ही परीक्षा विकणाऱ्याला सहसा नको असते. टॅक घ्या, पण पुढच्या शिडाचा दोर सोडू नका. ते शीड उलट्या बाजूने फुगेल आणि होडीला मागे दाबेल. आता सुकाणूची काठी वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या, बाजूला लोटून बांधा. चाक असेल तर ते वाऱ्याकडे फिरवा. पुढचं शीड तिला खाली ढकलतं, सुकाणू वर वळवतं, आणि दोघांच्या भांडणात होडी जवळपास थांबते. डुलणं कमी होतं, गलका थांबतो. लांब कीलच्या होड्या अशा तासन् तास राहतात. वादळात झोप मिळते ती अशीच, आणि पोटात अन्नही. काही फिन कीलच्या होड्या मात्र गोल गोल फिरत राहतात. मेनसेल कमी-जास्त करून त्या स्थिरावतात का, ते तिथेच पाहा.

सौदा ठरवण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअर लावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. कागदांत नोंदणी आणि आयात असेल तर भरलेलं शुल्क बघा. आणि पावसाळ्यात होडी कुठे ठेवणार याची जागा भाड्यासकट पक्की करा, कारण जूनच्या आधी ती पाण्याबाहेर काढावी लागते. मे महिन्यात क्रेन आणि जागा दोन्हींसाठी रांग असते, तेव्हा मार्चमध्येच बोलून ठेवलेलं बरं.